घाटातील महामार्गाचे दरडींपासून संरक्षण: कडा वाचण्यापासून जाळी राखण्यापर्यंत

मुंबईहून देशावर जायचे म्हटले की घाट चढावाच लागतो. पुण्यासाठी बोरघाट, नाशिकसाठी कसारा, जुन्नर-अहिल्यानगरसाठी माळशेज, आणि कोकणात खाली जायचे तर कशेडी आणि परशुराम आहेतच. मुंब्रा बायपाससारखा शहराला खेटून गेलेला रस्तासुद्धा डोंगराचा उतार कापूनच काढलेला आहे. या सर्व रस्त्यांची रुंदी कातळ फोडून मिळवलेली आहे, आणि एकदा फोडलेला कातळ दर पावसाळ्यात थोडाथोडा सुटत राहतो. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ धावत्या गाड्यांवर दरड कोसळून माणसे दगावली. त्याच परिसरात जुलै २०२३ मध्ये पुन्हा दरड रस्त्यावर आली. अशी घटना घडली की पहिली मागणी जाळीची होते आणि जाळी किती चौरस मीटर बसवायची यावर चर्चा संपते. हा क्रम उलटा आहे. कोणता दगड, कोठून, कशामुळे सुटणार आणि खाली येताना कोणती वाट धरणार, हे समजल्याशिवाय जाळी, कुंपण, चर की छत याचा निर्णय घेता येत नाही. पुढील मांडणी घाटरस्त्याची जबाबदारी सांभाळणारे अभियंते, त्यांचे सल्लागार आणि ठेकेदाराकडील साइट इंजिनीअर यांच्यासाठी आहे.

संकट कोणते आहे ते आधी ठरवावे

बातम्यांमध्ये 'दरड कोसळली' या दोन शब्दांत अनेक वेगवेगळ्या घटना येतात. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत केम्प्स कॉर्नरजवळ मलबार हिलचा उतार झाडांसह रस्त्यावर आला, ती मातीची घसरण होती. जुलै २०१४ मध्ये माळीण आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे पाण्याने जड झालेला डोंगराचा भागच्या भाग खाली आला. कड्यावरून एक, दोन किंवा दहा-वीस सुटे दगड निखळून रस्त्यावर येणे ही त्याहून निराळी घटना आहे, आणि या लेखात तिचाच विचार केला आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. सुटे दगड अडवण्यासाठी बसवलेली जाळी सरकत्या डोंगरापुढे काही सेकंदही टिकत नाही, आणि मातीचा उतार सावरण्यासाठी बांधलेली गॅबियनची (तारेच्या पेट्यांत दगड भरून रचलेली) भिंत ३० मीटरवरून उडी घेणाऱ्या दगडाला अडवू शकत नाही. माथ्याजवळ चंद्रकोरीसारख्या भेगा, वाकलेली झाडे, पायथ्याला फुगवटा आणि नव्याने फुटलेले झरे दिसत असतील, तर दगड मोजण्याचे काम थांबवून आधी भूतांत्रिक तज्ज्ञाला बोलवावे. त्या जागेचे उत्तर वेगळे असते.

कडा वाचणे

सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून घडला, आणि इथल्या बहुतेक दरडींची कथा या थरांमध्येच दडलेली आहे. रस्त्याच्या कापीव भिंतीकडे नीट पाहिले तर तीन प्रकारचा खडक दिसतो. पहिला काळा, टणक बेसॉल्ट, जो उभ्या सांध्यांनी चिरलेला असतो. हे उभे सांधे ठळकपणे पाहायचे असतील तर घाटात जाण्याचीही गरज नाही, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे ६१ मीटर उंचीचे काळे स्तंभ पुरेसे आहेत. दुसरा बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट, ज्याच्या पोकळ्यांत पांढरी झिओलाइट खनिजे भरलेली असतात. त्यात सांधे कमी असतात, पण हवा-पाण्याने तो लवकर झिजून त्याचा मुरूम होतो. तिसरा, दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा, मातकट थर, ज्याला भूशास्त्रज्ञ रेड बोल म्हणतात. हा पट्टा कधी वीतभर तर कधी पुरुषभर जाड असतो, आणि माझ्या मते घाटातल्या पाहणीत सर्वांत आधी शोधण्यासारखी गोष्ट हीच आहे.

या तांबड्या थराला कोरडेपणी हात लावला तर तो बऱ्यापैकी घट्ट वाटतो. त्याचाच वाळलेला तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला तर बहुधा थोड्याच वेळात तो फुगतो, त्याच्या कडा विस्कटतात आणि तळाशी लाल गाळ बसतो. रस्ता कापताना हा थर उघडा पडतो, मग दर पावसाळ्यात तो थोडाथोडा वाहून जातो आणि वरच्या काळ्या कातळाखाली आडवी खोबण तयार होते. खोबण खोल होत गेली की वरचा कातळ अधांतरी राहतो. त्याच्या पाठीमागचा उभा सांधा आधी केसाएवढा, मग बोटभर रुंद होतो. त्या सांध्यात पावसाचे पाणी साठले की पाण्याचा दाब कातळाला बाहेर ढकलू लागतो: ३ मीटर खोल फट काठोकाठ भरली तर फटीच्या दर मीटर लांबीमागे सुमारे ४४ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेचार टनांचा रेटा निर्माण होतो. त्यात पिंपळ किंवा उंबराचे मूळ शिरलेले असेल तर पाचर आधीच ठोकलेली असते. म्हणून पाहणीच्या नोंदवहीत केवळ 'सैल दगड' असे लिहू नये. तांबडा थर रस्त्यापासून किती उंचीवर आहे, खोबण किती खोल गेली आहे, वरच्या कातळामागे उभा सांधा उघडला आहे का आणि त्यातून पाणी पाझरते का, या चार गोष्टी साखळी क्रमांकासह (रस्त्यावरील अंतराच्या खुणेसह) लिहाव्यात.

पाहणी दोनदा करावी. पहिली मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा गवत वाळलेले असते आणि कडा उघडा दिसतो. दुसरी भर पावसात, कारण पाण्याच्या वाटा तेव्हाच कळतात. एप्रिलमध्ये कोरडा आणि निर्धोक दिसणारा कडा जुलैमध्ये धबधब्याखाली असू शकतो. ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांवरून कड्याचे त्रिमितीय प्रारूप तयार करणे आता अवघड किंवा महाग राहिलेले नाही, आणि दरवर्षी तेच प्रारूप पुन्हा केले तर कोणता दगड हलला हे तुलना करून सांगता येते. तरीही ड्रोनला खडकाचा आवाज ऐकू येत नाही. दोरावर उतरलेल्या माणसाने हातोडा मारला की टणक खडक खणखणीत वाजतो आणि मागून सुटलेला दगड बद्द आवाज करतो. ही परीक्षा जुनी आहे, पण तिला पर्याय मिळालेला नाही.

कडा पाहून झाला की रस्ताही पाहावा. डांबरावरचे खळगे, कठड्यावरचे चेपे, गटारात साचलेल्या दगडांचा आकार आणि झाडांच्या खोडांवरचे ओरखडे यांवरून दगड कोठवर येतात आणि किती उंच उसळतात हे कळते. रस्त्याच्या देखभालीवरच्या जुन्या मजुरांना आणि महामार्ग पोलिसांना विचारावे. कोणत्या वळणावर दर जून-जुलैमध्ये दगड उचलावे लागतात हे ते न अडखळता सांगतात, मात्र ती माहिती कोणत्याही कागदावर नसते.

कोणता उतार आधी हाती घ्यावा

सगळ्या घाटाचे काम एकाच वर्षी होत नाही, त्यामुळे प्राधान्यक्रम लावावा लागतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या महामार्ग खात्याने विकसित केलेली गुणांकन पद्धत यासाठी उपयुक्त आहे. तीत उताराची उंची, पायथ्याच्या चराची परिणामकारकता, वाहनांची जोखीम, चालकाला दिसणारे अंतर, रस्त्याची रुंदी, खडकाची रचना, दगडाचा आकार, पाऊस-पाणी आणि पूर्वीच्या घटना या प्रत्येक बाबीला ३, ९, २७ किंवा ८१ गुण दिले जातात. गुण तिपटीने वाढत असल्याने खरोखर धोकादायक उतार यादीत चटकन वर येतात.

यातली वाहनांची जोखीम समजून घेण्यासारखी आहे. उताराखालून तासाला जाणारी वाहने गुणिले उताराची किलोमीटरमधील लांबी, भागिले ताशी वेग, असा तिचा हिशेब असतो. उदाहरणादाखल, एका दिशेने दिवसाला ३६,००० वाहने, २०० मीटर लांबीचा उतार आणि घाटातला ४० किलोमीटरचा वेग धरला तर कोणत्याही क्षणी सरासरी साडेसात वाहने त्या उताराखाली असतात. पण सरासरी फसवी असते. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या चढावर कोंडी झाली की त्याच २०० मीटरमध्ये तीन मार्गिकांत पाऊणशे गाड्या उभ्या असतात, आणि जोडून सुट्ट्या पावसाळ्यातच येतात. त्यामुळे मुंबईच्या आसपासच्या घाटांसाठी सरासरीबरोबर कोंडीचा हिशेबही मांडावा आणि दोन्हींतला मोठा आकडा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

चालकाला दिसणाऱ्या अंतराचाही विचार आकड्यांत करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला दगड दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ८० मीटर लागतात, आणि ओल्या उतारावर त्याहून जास्त. वळणामागे ४० मीटरवर पडलेला दगड चुकवणे कुशल चालकालाही शक्य नाही. अशा वळणांना एरवीपेक्षा जास्त गुण मिळायला हवेत.

दगडाची वाट आणि त्याची ताकद

दगड कसा खाली येईल हे प्रामुख्याने उताराच्या कोनावर ठरते. सुमारे ७६ अंशांहून उभ्या कड्यावरून तो सरळ पडतो आणि पायथ्यालगत आदळतो. ४५ ते ७६ अंशांच्या उतारावर तो टप्पे घेत येतो, आणि तोच सर्वांत दगाबाज असतो, कारण प्रत्येक टप्प्याला तो रस्त्याच्या दिशेने आडवा उसळतो. ४५ अंशांखाली तो बहुतांशी गडगडत येतो. म्हणूनच 'कडा जरा कलता केला की सुरक्षित' ही समजूत धोक्याची आहे. ८० अंशांचा कडा ६० अंशांवर आणला आणि पायथ्याचा चर तेवढाच ठेवला, तर पूर्वी चरात पडणारा दगड आता मधल्या मार्गिकेत येऊ शकतो. मध्यावर ठेवलेल्या अरुंद पायऱ्यांचेही तसेच आहे. त्या साफ केल्या नाहीत तर मातीने भरतात आणि वरून आलेल्या दगडाला बाहेर फेकणारी उडीची फळी बनतात.

ताकदीचा हिशेब साधा आहे, पण तो केल्याशिवाय अनेक संरचना कागदावर मंजूर होतात. एक घनमीटर बेसॉल्टचे वजन सुमारे २.८ टन असते. तो ३० मीटरवरून सरळ पडला तर खाली येताना त्याचा वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ऊर्जा ८०० किलोज्यूलहून अधिक. अर्ध्या मीटरच्या घनाकृती दगडाचे वजन मात्र ३५० किलो, आणि त्याच उंचीवरून त्याची ऊर्जा जेमतेम १०० किलोज्यूल भरते. म्हणजे दगडाची बाजू दुप्पट झाली की ऊर्जा आठपट होते. साहजिकच, कड्यावरच्या सांध्यांमधले अंतर मोजून दगडाचा संभाव्य आकार ठरवणे हे सगळ्या पुढच्या खर्चाचे मूळ आहे.

दगडांच्या वाटा संगणकावर मांडण्यासाठी प्रणाली उपलब्ध आहेत, आणि महत्त्वाच्या उतारांसाठी त्या वापराव्यातच. त्यांत प्रत्येक पृष्ठभागाचा उसळी-गुणांक भरावा लागतो. टणक कातळावर दगड जास्त उसळतो, मुरुमावर कमी. परदेशी पुस्तिकेतले गुणांक जसेच्या तसे भरून आलेल्या निकालावर विसंबू नये. आधी प्रारूपाकडून त्या जागी पूर्वी प्रत्यक्ष पडलेल्या दगडांची स्थाने बरोबर काढून घ्यावीत, गुणांक त्याप्रमाणे जुळवावेत, आणि मगच भविष्यातील दगड सोडून पाहावेत.

उगमापाशी उपाय

खाली येणाऱ्या दगडाला अडवण्यापेक्षा तो वरच सोडवून घेणे किंवा जागच्या जागी धरून ठेवणे बहुधा स्वस्त पडते. मध्य रेल्वे हे काम बोरघाटात आणि कसारा घाटात फार पूर्वीपासून करते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. आजही पावसाळ्याआधी रेल्वेची डोंगर-टोळी कडे तपासते आणि सैल दगड ब्लॉक घेऊन (ठरावीक वेळ वाहतूक थांबवून) मुद्दाम खाली पाडते. महामार्गांवर हे काम अजून बहुधा घटना घडल्यावर होते, आणि त्यात मला अनाकलनीय असे काही उरलेले नाही: रेल्वेकडे त्यासाठी कायमची टोळी आहे, रस्त्याकडे निविदा आहे.

सैल दगड काढण्याचे काम नेहमी माथ्यावरून खाली करत यावे. दोन स्वतंत्र अँकरना (खडकात पक्क्या रोवलेल्या खुंट्यांना) बांधलेल्या दोन दोरांवर माणूस उतरतो, पहारीने दगड हलवून पाहतो आणि सुटणारा दगड पाडतो. एकाच उभ्या रेषेत एक माणूस वर आणि दुसरा खाली असे काम कधीही करू देऊ नये. पहारीला न हलणाऱ्या मोठ्या दगडामागे हवेच्या पिशव्या किंवा हायड्रॉलिक जॅक लावावा. सुरुंग टाळायचा असेल तर भोके पाडून त्यांत फुगणारे रसायन भरावे, ते काही तासांत दगड फोडते. सुरुंग लावणे भाग पडलेच तर तो नियंत्रित असावा, कारण जास्त भरलेला एक सुरुंग कड्यात पुढच्या वीस वर्षांच्या भेगा पाडून ठेवतो. आपल्या घाटांतील अनेक भिंतींवर आज दिसणारा विस्कळीत खडक निसर्गाने कमी आणि रस्ता काढतानाच्या बेफिकीर सुरुंगांनी जास्त घडवला आहे.

तांबड्या थराची खोबण वेगळी हाताळावी लागते. आतला भुसभुशीत भाग खरवडून, निचऱ्याच्या नळ्या ठेवून, खोबण काँक्रीटने भरावी आणि ते काँक्रीट मागच्या टणक खडकाला सळयांनी जोडावे, म्हणजे वरच्या कातळाला खालून आधार मिळतो. जिथे तांबडा पट्टा लांबवर उघडा आहे तिथे त्यावर जाळीसह शॉटक्रीटचा (दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा) थर द्यावा, पण पाणी बाहेर काढणारी छिद्रे न ठेवता दिलेला शॉटक्रीट हा उपाय नसून नवा अपघात आहे. मागे अडकलेले पाणी दोन-तीन पावसाळ्यांत तो थर पापुद्र्यासारखा सोडवते आणि मग दगडांबरोबर काँक्रीटच्या लाद्याही रस्त्यावर येतात.

मोठा पण चांगला कातळ सुटू पाहत असेल तर तो काढण्याऐवजी रॉक बोल्टने (खडकात बसवलेल्या पोलादी सळईने) मागे बांधता येतो. बोल्ट सांध्याच्या पलीकडे टणक खडकात पुरेसा आत गेला पाहिजे, छिद्र धुऊन साफ झाले पाहिजे आणि ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) तळापासून वर भरत आणले पाहिजे. काही बोल्ट प्रत्यक्ष ओढून तपासावेत, सहसा कामकाजाच्या भाराच्या दीडपटीपर्यंत. चाचणीसाठी कोणते बोल्ट घ्यायचे हे ठेकेदाराने नव्हे, तपासणाऱ्या अभियंत्याने त्याच दिवशी जागेवर सांगावे.

या सर्वांआधी आणि सर्वांबरोबर पाणी. माथ्याच्या मागे पाणचर काढून पावसाचे पाणी कड्यावरून न सोडता बाजूला न्यावे. हा चर अस्तर केलेला असावा, नाहीतर त्यातूनच पाणी झिरपून नेमके सांध्यांत जाते. कड्याच्या आतले पाणी काढण्यासाठी किंचित वर कललेली आडवी छिद्रे पाडून त्यांत सच्छिद्र नळ्या बसवाव्यात. सांध्यांत रुजलेली पिंपळ-उंबराची रोपे लहानपणीच मुळासकट काढावीत. मोठ्या झाडाचे मूळ उपटताना दगडही सुटतो, म्हणून ते कापून जागीच मारावे. मातीच्या वरच्या उतारावर मात्र गवत आणि वाळा वाढू द्यावा, त्याने माती धरून राहते.

एक व्यावहारिक अडचण इथेच येते. कड्याचा माथा अनेकदा रस्त्याच्या हद्दीबाहेर, वनजमिनीत असतो, आणि तिथे पाणचर किंवा अँकर घालायला वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० खालची परवानगी लागू शकते. तिला महिने लागतात. पाहणीचा अहवाल हातात आल्याच्या आठवड्यात अर्ज गेला नाही तर त्या वर्षीचा मोसम हातचा जातो.

अडवण्याचे उपाय

पायथ्याचा चर हा सर्वांत दुर्लक्षित आणि, जागा असेल तर, सर्वांत भरवशाचा उपाय आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये रिची या संशोधकांनी प्रत्यक्ष दगड सोडून केलेल्या अभ्यासावरून चराची मापे ठरवली. जवळजवळ उभ्या आणि २० मीटरहून उंच कड्यासाठी सुमारे ६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल चर त्यांनी सुचवला. एवढी जागा आपल्या घाटात क्वचित मिळते. जिथे मिळते तिथे चराच्या तळाशी काँक्रीट न करता सुटी खडी किंवा वाळू ठेवावी, म्हणजे दगड उसळत नाही. खोली कमी पडत असेल तर रस्त्याच्या बाजूला काँक्रीटची किंवा गॅबियनची भिंत उभारून ती वाढवता येते.

जाळ्या दोन प्रकारच्या असतात आणि निविदांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिली सोडलेली जाळी: माथ्यामागे टणक खडकात अँकर करून ती कड्यावरून पडद्यासारखी खाली सोडतात. ती दगडाला सुटू देते, पण त्याला कडा आणि जाळी यांच्यामधून सावकाश पायथ्याशी आणते, म्हणून तिचे खालचे टोक मोकळे आणि जमिनीपासून थोडे वर ठेवावे. हे टोक घट्ट बांधले तर दगड तळाशी साचतात, त्यांचे वजन अँकरवर येते आणि एखाद्या पावसात सगळी जाळी वरून फाटते. दुसरी खिळवलेली जाळी: तिला कड्यावर ठरावीक अंतराने अँकर मारून ताणून बसवतात आणि ती दगडाला हलूच देत नाही, तिच्यात बळ अँकरचे असते, जाळी फक्त दोन अँकरमधला भाग सांभाळते. दुहेरी पीळ दिलेली षट्कोनी जाळी साधारण ०.६ मीटरपर्यंतच्या दगडांसाठी चालते. त्याहून मोठ्या दगडांना तारदोरांची किंवा एकमेकांत गुंतवलेल्या पोलादी रिंगांची जाळी लागते. षट्कोनी जाळीसाठी आयएस १६०१४ हे भारतीय मानक आहे, तेच निविदेत घालावे. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत साधे जस्त लवकर संपते, म्हणून जस्त-ॲल्युमिनियमचा लेप मागावा आणि साइटवर आलेल्या प्रत्येक खेपेच्या लेपाची तपासणी करावी.

मोठ्या ऊर्जेसाठी लवचीक कुंपण लागते: पोलादी खांब, मागे ताणलेले दोर, त्यांच्यावर ऊर्जा शोषणारे ब्रेक आणि मध्ये जाळी. अशी कुंपणे १०० पासून ८,००० किलोज्यूलहून अधिक क्षमतेची मिळतात. युरोपातील ईटॅग ०२७ आणि आता तिच्या जागी आलेल्या ईएडी ३४००५९ या चाचणी-पद्धतीत प्रत्येक कुंपणाची पूर्ण आकारात चाचणी होते: एकदा कमाल ऊर्जेने, आणि वेगळ्याने त्याच्या एक तृतीयांश ऊर्जेचे लागोपाठ दोन आघात देऊन. खरेदी करताना कंपनीच्या पत्रकातील कमाल आकड्यावर जाऊ नये. वारंवार दगड येणाऱ्या ठिकाणी ही एक तृतीयांश पातळीच डिझाइनसाठी धरावी. दुसरे असे की दगड आदळल्यावर हे कुंपण कित्येक मीटर पुढे ताणले जाते. मार्गिकेच्या कडेला लावलेले कुंपण दगड अडवते खरे, पण अडवताना गाडीच्या टपापर्यंत पोहोचते. खांबांसाठी जागा उतारावर, रस्त्यापासून मागेच शोधावी लागते, आणि तिथपर्यंत क्रेन जात नसल्याने खांब कसे चढवायचे हे डिझाइन करतानाच ठरवावे.

दगडांची वाट ठरलेली असेल, ते मोठे असतील आणि वर काम करणे शक्य नसेल, तर रस्त्यावर काँक्रीटचे छत किंवा बोगद्याचे तोंड पुढे वाढवणे हाच मार्ग उरतो. छतावर वाळू-खडीची गादी टाकावी. तिच्याशिवाय दगडाचा घाव थेट स्लॅबवर बसतो. खर्च मोठा असतो, म्हणून तो मोजक्या ठिकाणीच परवडतो.

डिझाइनचा मूळ आधार म्हणून आयएस १४६८० हे दरड-नियंत्रणाचे भारतीय मानक, इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ४८ ही घाटरस्त्यांची पुस्तिका आणि दरडींवरील उपायांची एसपी १०६ एवढी तरी टेबलावर असावी.

वाहतूक चालू ठेवून काम

कड्यावर काम चालू असताना खालच्या मार्गिकेत वाहन असता कामा नये, यात तडजोड नाही. ठरावीक मिनिटांचे ब्लॉक घ्यावेत, प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी रस्ता झाडून, अभियंत्याने स्वतः पाहून मगच तो खुला करावा. मोठे दगड पाडताना डांबरावर मातीची जाड गादी पसरावी, नाहीतर आदळणाऱ्या दगडांनी रस्ताच फुटतो. ब्लॉक मंगळवार ते गुरुवार दुपारी ठेवावेत. शनिवारी सकाळी पुण्याच्या दिशेने आणि रविवारी संध्याकाळी मुंबईच्या दिशेने ब्लॉक मागणारा अभियंता महामार्ग पोलिसांचा विश्वास गमावून बसतो. रात्री दोरावरचे काम करू नये.

मुंबईत पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. घाटात वळिवाच्या सरी त्याआधीच येतात, म्हणून दोरावरचे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपले पाहिजे.

पावसाळ्यातील पहारा आणि वर्षभराची देखभाल

२२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ कापीव भागात दगड आल्याने गाडी घसरली आणि ५० हून अधिक प्रवासी दगावले. त्यानंतर कोकण रेल्वेने जाळ्या बसवल्या, पहारेकरी वाढवले आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवणे पक्के केले. वेग कमी करणे हाही संरक्षणाचाच उपाय आहे, आणि महामार्गांनी तो रेल्वेकडून जसाच्या तसा घ्यावा. घाटाच्या तोंडाशी पर्जन्यमापक ठेवून ठरावीक तासांत ठरावीक पाऊस झाला की आधी वेगमर्यादा, मग कड्यालगतची मार्गिका बंद, आणि त्याही पुढे पूर्ण रस्ता बंद, असे टप्पे आधीच लेखी ठरवावेत. हे आकडे त्या घाटाच्या आधीच्या नोंदींवरून काढावेत, दुसऱ्या घाटाचे आणू नयेत. पाऊस थांबला म्हणजे धोका संपला असे मात्र धरू नये, कारण सांध्यातले पाणी उतरायला वेळ लागतो आणि दगड स्वच्छ उन्हातही पडतात.

बसवलेल्या यंत्रणेची देखभाल निविदेतच, किमान पाच वर्षांसाठी, स्वतंत्र दराने मागावी. जाळीमागे साचलेले दगड आणि माती काढणे, ताणले गेलेले ब्रेक बदलणे, गंजलेल्या क्लिप आणि तारदोर तपासणे, चर रिकामा ठेवणे, पाण्याची छिद्रे तुंबली तर मोकळी करणे, ही कामे चौरस मीटरच्या दरात कधीच बसत नाहीत, त्यामुळे तो दर लावला की ती होतही नाहीत. अर्ध्यावर भरलेल्या कुंपणाची उंची अर्धीच उरते, आणि त्यावरून उसळलेला पुढचा दगड थेट गाड्यांपर्यंत येतो. प्रत्येक पडलेल्या दगडाची तारीख, वेळ, साखळी क्रमांक, मापे, छायाचित्र आणि त्या दिवसाचा पाऊस यांची नोंद रस्ता साफ करणाऱ्या मुकादमाच्या मोबाइलवरून त्याच ठिकाणी व्हावी. दगड ट्रकमध्ये गेल्यावर त्याचे मोजमाप कोणी घेत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की या नोंदी आणि ड्रोनचे नवे प्रारूप समोर ठेवून उतारांचे गुण पुन्हा मोजावेत, नव्याने यादीत आलेले उतार डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रकात घ्यावेत आणि ब्लॉकच्या तारखा महामार्ग पोलिसांकडून जानेवारीतच लिहून घ्याव्यात.